माळ्याची टोपी

रेम्ब्रांटच्या १६३८ सालच्या एका चित्रात येशूच्या डोक्यावर रुंद कडांची टोपी आहे, उन्हातान्हात वाफ्यांवर राबणाऱ्या माणसाची असते तशी. हातात फावडं. कमरपट्ट्यात छाटणीची सुरी खोवलेली. शुक्रवारी वधस्तंभावर मेलेला, खडकातल्या थडग्यात ठेवलेला आणि रविवारी पहाटे उठलेला देवपुत्र, आणि त्याचा हा असा थाट! चित्र आकाराने लहानच. लाकडी फळीवर रंगवलेलं, साधारण ६१ सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद. कॅल्विनपंथी ॲमस्टरडॅमच्या प्रार्थनामंदिरांतून चित्रांना मज्जाव होता, त्यामुळे बायबलमधले प्रसंग घरातल्या भिंतींवर आले होते. हे त्याच मापाचं चित्र. आज ते इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे.

प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातला. अजून अंधार असतानाच मरीया मग्दालिया थडग्यापाशी येते. तोंडावरचा धोंडा बाजूला सरलेला. ती धावत जाऊन पेत्राला आणि आणखी एका शिष्याला घेऊन येते. ते दोघे आत जाऊन पडलेली वस्त्रं पाहतात आणि घरी परततात. पुरुषमंडळींचं काम असं चटकन आटोपतं. मरीया मात्र रडत तिथेच थांबते. वाकून आत बघते तर दोन देवदूत बसलेले. का रडतेस, असं ते विचारतात. त्यांना उत्तर देऊन ती मागे वळते तर कुणी एक उभा आहे. हा इथला माळी असणार, असं समजून ती त्यालाच विनवते की, त्याने प्रेत हलवलं असेल तर जागा दाखवावी, ती ते घेऊन जाईल. एकटी बाई एका पुरुषाचं प्रेत कसं उचलणार, हा हिशेब तिच्या मनाला शिवतही नाही. मग तो तिला नावाने हाक मारतो आणि ती ओळखते.

चित्रकारांनी बहुधा ओळखीनंतरचा क्षण पकडला आहे. मरीया हात पुढे करते आणि येशू तिला शिवू देत नाही, तो क्षण. त्यात नाट्य आहे, दोन देहांमधलं अंतर आहे आणि चित्रकाराला हात रंगवायला मिळतात. रेम्ब्रांट या चित्रात त्याच्या जरासा आधी थांबला. नाव उच्चारलं जायचं आहे. गैरसमज अजून शाबूत आहे.

मरीयेची बैठक पाहा. ती थडग्यापाशी गुडघे टेकून आहे, अंग थडग्याकडे आणि चेहरा मागे. मान वळली आहे, गुडघे वळायचे आहेत. दुःखातल्या माणसाला कुणी पाठीमागून काही विचारलं की तो आधी नुसती मान वळवतो. उठून बोलावं असं काही समोर असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. रेम्ब्रांटने ही अर्धवट वळलेली बाई चित्राच्या मधोमध ठेवली, आणि तिच्या मागे, जरा वरच्या अंगाला, टोपीवाला उभा केला. उजवीकडे खडक चढत गेला आहे, अंधाराने भरलेला. डावीकडे उजाडतंय. दूरवर यरुशलेमच्या मंदिराचे मनोरे त्या कोवळ्या उजेडात उभे आहेत. खालच्या डाव्या भागात दोन बायका परत निघाल्या आहेत. त्या योहानाने सांगितलेल्या नाहीत, इतर शुभवर्तमानांतून इथे आल्या असाव्यात. रेम्ब्रांटचा मित्र, कवी जेरेमियास द डेकर याने या विषयावरच्या त्याच्या चित्रावर कविता केली. ती १६६०मध्ये छापली गेली, आणि ते चित्र हेच असं सहसा मानलं जातं. सावल्यांनी भरलेल्या त्या उंच खडकामुळे सगळ्या चित्राला भव्यता आली आहे, अशा अर्थाचं कौतुक कवितेत आहे. कवीचं खरं आहे. पुस्तकातल्या छापील प्रतींमध्ये मात्र हा खडक निव्वळ काळा डाग होऊन बसतो आणि अर्धं चित्र वाया जातं.

आता टोपी. ती रेम्ब्रांटच्या डोक्यातून निघालेली नाही. ड्यूररच्या ‘लघु दुःखभोग’ या लाकडी ठशांच्या मालिकेत येशू असाच टोपी घालून, खांद्याला फावडं लावून उभा आहे. १६३८च्याच सुरुवातीला ॲमस्टरडॅममधल्या एका लिलावात रेम्ब्रांटने ड्यूररची छापचित्रं विकत घेतली होती. बोलोन्याच्या लाविनिया फोंताना या चित्रकर्तीने १५८१मध्ये येशूला टोपी आणि फावडं दिलं. ते चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझीत आहे. तिशियनची गोष्ट आणखी गमतीची. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा दिसलं की त्यानेही आधी येशूच्या डोक्यावर माळ्याची टोपी रंगवली होती आणि नंतर ती रंगाखाली गाडून टाकली. खुरपणीचं अवजार तेवढं हातात ठेवलं. टोपी गेल्यावर येशू देखणा झाला, त्याच्या अंगाला तो प्रसिद्ध बाक आला. चित्र थोर आहेच. दुसऱ्या महायुद्धात गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या स्लेटच्या खाणीत लपवली होती. १९४२मध्ये बॉम्बने पोळलेल्या लंडनकरांसाठी दरमहा एकेक चित्र परत आणून टांगायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा आणलेल्यांत हे होतं. पण टोपी पुसताना तिशियनने मरीयेवर थोडा अन्याय केला, असं मला वाटतं. एवढ्या राजबिंड्या पुरुषाला कुणी माळी समजेल?

फ्रा आंजेलिकोने वेगळी वाट काढली. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात, १४४०च्या आसपास, एका संन्याशाच्या खोलीतल्या भिंतीवर त्याने हाच प्रसंग रंगवला. येशूच्या खांद्यावर कुदळीसारखं अवजार आहे, पण पावलं गवताला जेमतेम टेकलेली. त्या गवतात तांबडी फुलं विखुरली आहेत. फ्रेंच कलाभ्यासक जॉर्ज दिदी-ह्युबरमन यांनी दाखवून दिलं की ही फुलं आणि येशूच्या हातापायांवरच्या जखमा एकाच तांबड्या रंगाच्या, एकाच तऱ्हेच्या ठिपक्यांनी रंगवल्या आहेत. जखम चालत गेली आणि मागे फुलं उगवत गेली, असं ते गवत वाचता येतं. हे फार सुंदर आहे. पण ती बाग ध्यानासाठी आहे. तिथे कुणी खुरपायला बसत नाही.

रेम्ब्रांटच्या बागेत बसतं. त्याच्या चित्रात पहाट आहे, सूर्य जेमतेम क्षितिजाशी. मग डोक्यावर टोपी कशाला? उन्हाची टोपी उन्हाआधी कोण घालतो? जो दुपारपर्यंत घरी जाणार नाही, तो. दिवसभराच्या कामाला निघालेला माणूस अंधारातच टोपी चढवतो, सुरी कमरेला खोवतो आणि निघतो. या एका तपशिलाने पुनरुत्थानाचा सगळा सूरच बदलतो. थडग्यातून उठलेला इथे विजयाचा झेंडा घेऊन उभा नाही. तो कामावर आला आहे.

फावड्याचंही तसंच. ते आपल्याकडच्यासारखं वाकड्या पात्याचं नव्हे. सरळ पात्याचं, पायाने दाबून माती उलटवायचं. बागेत वाफे होतात ते त्याने आणि दफनभूमीत कबरी होतात त्याही त्यानेच, आणि दोन्ही गोष्टी हॉलंडमधल्या प्रेक्षकाच्या रोजच्या पाहण्यातल्या. पण या चित्रातलं थडगं खडकात कोरलेलं आहे. तिथे फावड्याला काहीच काम नाही. म्हणजे हे फावडं कबर खणायला आणलेलं नाही, बुजवायलाही नाही. ते बागेचंच आहे. आणि योहानाने बाग आधीच मांडून ठेवली होती. वधस्तंभ उभारला त्या ठिकाणी बाग होती आणि त्या बागेत नवं थडगं होतं, हे तो एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटाकडे अगदी सहज सांगून जातो. इतर तिघा शुभवर्तमानकारांनी या जागी बागेचं नाव काढलेलं नाही. येशूला पकडलं तेही, योहानाच्या लेखी, किद्रोन ओहोळापलीकडच्या एका बागेत. मोठ्या घटना बागेत घडवायची त्याला खोडच आहे, आणि वाचणाऱ्याला एदेन आठवावी असा त्याचा डाव असणार. पहिल्या बागेत माणूस राखणीला ठेवला होता आणि तिथून तो हाकलला गेला. या बागेत कुणीतरी पुन्हा कामावर रुजू झालं आहे.

मरीयेची चूक ही चूक नव्हेच, असं म्हणणारे जुने आहेत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोरल्या ग्रेगरीने एका प्रवचनात विचारलं की, तिच्या हृदयात सद्गुणांची बीजं पेरणारा तो तिच्यापुरता माळीच नव्हता का? लॅन्सलॉट अँड्रूज या इंग्रज बिशपने १६२०च्या ईस्टरला, म्हणजे या चित्राच्या अठरा वर्षं आधी, राजा पहिल्या जेम्ससमोर याच प्रसंगावर प्रवचन दिलं. तो तर आणखी पुढे गेला. हा माळी एक दिवस सगळ्या कबरींचेच वाफे करील आणि आपले देह त्यातून उगवतील, असं त्याचं म्हणणं. प्रवचनकारांची ही कल्पना मला आवडते, पण तिच्यात एक धोका आहे. माळी शब्दात विरघळतो. बीज म्हणजे सद्गुण, वाफा म्हणजे हृदय, तण म्हणजे पाप, अशी यादी लावत गेलं की शेवटी हातात माती लागतच नाही. रेम्ब्रांट ती यादी करत नाही. त्याची सुरी ही सुरी आहे. द्राक्षवेलीच्या दाखल्यात छाटणी करणारा बाप आहे, हे ज्याला आठवेल त्याला आठवो. ज्याला आठवणार नाही त्यालाही ती फांद्या छाटायच्या उपयोगाची दिसते.

याच काळात रेम्ब्रांट दुसरं पुनरुत्थान रंगवत होता. हॉलंडचा राजप्रमुख फ्रेडरिक हेन्ड्रिक याच्यासाठी तो येशूच्या दुःखभोगाची चित्रमालिका करत होता. तिच्यातलं ‘पुनरुत्थान’ १६३९मध्ये पुरं झालं, आता ते म्यूनिकला आहे. तिथे काय गडबड उडाली आहे! प्रकाशाच्या लोटात एक देवदूत थडग्याचं झाकण उचलतो, पहारेकरी एकमेकांवर कोसळतात, हत्यारं उडतात. या सगळ्या धुमश्चक्रीत येशू कडेला, पांढराफटक, आजाऱ्यासारखा हळूहळू उठून बसतोय. जानेवारी १६३९च्या पत्रात रेम्ब्रांटने राजप्रमुखाचा चिटणीस कॉन्स्टान्टाइन हायगेन्स याला कळवलं की या चित्रांत त्याने हालचालीचा सर्वांत स्वाभाविक आविष्कार साधायचा प्रयत्न केला आहे. त्याचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण ही दोन चित्रं शेजारी ठेवली की एक गोष्ट उघड होते. राजवाड्यासाठी त्याने चमत्कार रंगवला आणि घरासाठी चमत्काराच्या दुसऱ्या तासाचं काम. मला दुसरं जास्त धाडसाचं वाटतं. आकाश फाटलं की कुणीही विश्वास ठेवील. सकाळी फावडं घेऊन आलेल्या माणसाकडे पाहून मृत्यू हरला असं म्हणायला छाती लागते.

आणि ते पाहणारे लोक कोण होते? फेब्रुवारी १६३७मध्ये, चित्राच्या जेमतेम वर्षभर आधी, हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा कोसळला होता. अजून जमिनीत असलेल्या, कुणी न पाहिलेल्या फुलांवर लोकांनी करार केले होते. त्या सट्ट्याच्या कहाण्या फुगवून सांगण्याची पुढे फॅशनच झाली, ती बाजूला ठेवू. इतकं खरं की या शहरातल्या माणसाला कंद ठाऊक होता. तो शरद ऋतूत पुरायचा, थंडीत त्याच्याकडे बघायचंही नाही, आणि वसंतात वर आला तर आला. ट्यूलिपचा कंद तर या बाबतीत अगदी टोकाचा आहे. पुरलेला मूळ कंद फूल देता देता संपून जातो आणि त्याच्या पोटातून तयार झालेले नवे कंद त्याची जागा घेतात. दरवर्षी वर येतं ते तेच झाड, पण कंद तो नव्हे. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हा येशूचा दाखला वनस्पतिशास्त्रज्ञाला पटत नाही. दाणा मरत नाही, आतला अंकुर निजलेला असतो, असं तो म्हणणार. ट्यूलिपचा कंद त्याच्यापुढे ठेवावा. करिंथकरांना लिहिताना पौलही बियाण्याचाच दाखला घेतो, आणि त्याचा मुद्दा नेमका असाच आहे: पेरलं जातं ते एक अंग आणि उगवतं ते दुसरं, तरी नातं तुटत नाही. मरीयेला येशू ओळखू आला नाही, ते याला धरूनच आहे.

तारखा जुळवून चित्रात बापाचं दुःख शोधायची मला हौस नाही. पण रेम्ब्रांट आणि त्याची बायको सास्किया यांचा पहिला मुलगा १६३६मध्ये दोनेक महिन्यांचा होऊन गेला आणि १६३८च्या जुलैत जन्मलेली मुलगी ऑगस्टमध्ये पुरली गेली, ही नोंद आहे. त्या शहरातल्या बहुतेक घरांत अशी एखादी नोंद असे. पुनरुत्थानाची आशा तिथे तत्त्वचर्चेचा विषय नव्हती.

आपल्याकडे हे चित्र वाचताना एक अडचण येते, ऋतूची. उत्तरेकडच्या ईस्टरला बर्फ वितळलेलं असतं, कंद वर येत असतात. बाग स्वतःच साक्ष देते. महाराष्ट्रात ईस्टर येतो मार्च-एप्रिलात, विहिरी आटत असतात आणि वाफे करपत असतात. पळस, पांगारा, काटेसावर बिनपानांचे फुलतात खरे, पण ते रानात. आपली जमीन उठते ती मृगाच्या पावसाने. उन्हाळाभर मातीत पडून राहिलेला सुरण, कळलावी, रानहळद पहिल्या सरींनंतर अचानक वर येतात, तेव्हा ईस्टर होऊन दोन महिने झालेले असतात. मग वसईच्या ख्रिस्ती वाडीवाल्याने काय करायचं? केळी, फुलं, भाजीपाला पिकवून मुंबईला पाठवणाऱ्या या समाजाने पिढ्यान् पिढ्या वाड्या कसल्या. त्याच्यासाठी एप्रिल म्हणजे पाणी देण्याचा महिना. पाट फिरवा, मुळाशी ओल राहील असं पाहा, वाळलेली पानं काढा. म्हणून मला वाटतं, फुललेल्या बागेपेक्षा रेम्ब्रांटची ही बाग त्याला जवळची वाटावी. तिच्यात बहर कुठेच नाही. अर्धीअधिक अंधारात आहे. आहे तो कामाला आलेला एक माणूस, आणि बहराची हमी त्याच्यावर सोपवलेली.

चित्राचा पुढचा प्रवासही बागेजवळून गेला. अठराव्या शतकात ते जर्मनीतल्या हेसे-कासेलच्या राजघराण्याकडे होतं. १८०६मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर ते निघालं आणि सम्राज्ञी जोसेफिनच्या मालमेझोंच्या वाड्यात पोचलं, जिच्या गुलाबांची चित्रकार रदूतेने रंगवलेली पानं आजही छापली जातात. तिच्या पश्चात, १८१९मध्ये, पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राने ते घेतलं. मालमेझोंमध्ये माळ्यांची फौज होती. त्यांच्यापैकी कुणाला ते दाखवलं गेलं असेल असं वाटत नाही.

चित्रात मला न पटणारं एकच आहे, ते म्हणजे देवदूत. थडग्यात बसलेले हे दोघे पांढऱ्या वस्त्रांत इतके उजळ आहेत की नजर आधी तिकडे धावते. त्यातला एक चांगला सैलावून बसला आहे, जेवणाच्या सुट्टीतल्या गड्यासारखा. तेवढा विनोद मी रेम्ब्रांटला माफ करतो. पण योहानाने सांगितले म्हणून ते आले आहेत, चित्राला ते हवे होते म्हणून नव्हे. छापील प्रत हाताशी असेल तर करून पाहावं: देवदूतांवर अंगठा ठेवला तर काही बिघडत नाही. खडक आणखी खोल होतो आणि मरीयेची वळलेली मान जास्त ठळक दिसते. तोच अंगठा टोपीवर ठेवला की पांढऱ्या झग्यातला एक भला माणूस तेवढा उरतो, आणि प्रेताचा ठावठिकाणा मरीयेने त्यालाच का विचारावा, याला चित्रात कारण उरत नाही.